शर्यत संपल्यानंतरची गोष्ट

ऑलिंपिकमधल्या विजेत्यांबरोबरच शेवटी येणाऱ्यांचीही कहाणी जगाला सांगणारे चित्रपटकार बड ग्रीनस्पॅन यांची ओळख

शाळेच्या मैदानावरची धावण्याची शर्यत तुम्ही पाहिली असेलच. पहिला मुलगा दोरीला छाती लावतो आणि सगळी गर्दी त्याच्याकडे धावते. टाळ्या, आरडाओरडा, पाठीवर थाप! सगळ्यात मागे राहिलेला मुलगा त्या वेळी अजून पळतच असतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष असतं का? खरं सांगा!

आज ज्या माणसाची ओळख करून घ्यायची आहे, त्याचं लक्ष नेमकं त्या मागच्या मुलाकडे जायचं. त्याचं नाव बड ग्रीनस्पॅन. त्याने आयुष्यभर खेळाडूंवर माहितीपट काढले. माहितीपट म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे ना? नेहमीच्या चित्रपटात नट असतात, ते खेळाडूचं सोंग घेतात. माहितीपटात सोंग नाही. खरा खेळाडू, खरं मैदान, खरा घाम आणि खरे अश्रू!

अंधार पडता पडता

आधी एक प्रसंग सांगतो. २० ऑक्टोबर १९६८ चा दिवस. मेक्सिको सिटीत ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत सुरू होती. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ. नुसतं भरभर चाललं तरी नवख्याला धाप लागते. अशा हवेत ४२ किलोमीटरहून जास्त धावायचं होतं.

इथिओपियाच्या मामो वोल्डेने २ तास २० मिनिटे आणि २६ सेकंदांत शर्यत जिंकली. पदके दिली गेली, राष्ट्रगीत वाजले. लोक घरी जायला निघाले. अंधार पडू लागला. पहिला धावपटू येऊन तासाहून जास्त वेळ झाला होता आणि स्टेडियममध्ये थोडेच प्रेक्षक उरले होते.

एवढ्यात एक धावपटू लंगडत आत आला. त्याच्या पायाला पट्ट्या बांधलेल्या होत्या. हा टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी. शर्यतीत धक्काबुक्की होऊन तो पडला होता. गुडघा आणि खांदा दुखावला होता. डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि पठ्ठ्या पुन्हा धावायला लागला! पंचाहत्तर जणांनी सुरू केलेल्या त्या शर्यतीत अठरा जणांनी मध्येच माघार घेतली होती. अखवारी सत्तावन्नावा आला, म्हणजे शेवटचा. वेळ होती ३ तास २५ मिनिटे २७ सेकंद. उरलेसुरले प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले.

“इतकं लागलं होतं, तर शर्यत सोडली का नाहीस?” असं त्याला विचारण्यात आलं. त्यावर त्याने दिलेलं उत्तर आज जगभर सांगितलं जातं. “माझ्या देशाने मला पाच हजार मैलांवर शर्यत सुरू करायला नाही पाठवलं, ती पूर्ण करायला पाठवलंय.”

आता विचार करा. निकालाच्या यादीत अखवारीच्या नावापुढे काय लिहिलेलं असेल? ‘५७ वा’. बस्स! ही गोष्ट त्या यादीत मावली नसती. ती जगभरच्या घराघरांत पोहोचली, त्यात ग्रीनस्पॅन यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या ऑलिंपिकवरच्या मालिकेत त्यांनी ती सांगितली, पुस्तकात लिहिली, भाषणांत सांगितली. एवढे विक्रमवीर त्यांनी पाहिले, पण त्यांच्या सर्वांत आवडत्या कथांपैकी ही एक होती.

बोलताना अडखळणारा मुलगा

बडचं खरं नाव जोना जोसेफ ग्रीनस्पॅन. जन्म १८ सप्टेंबर १९२६, न्यूयॉर्क शहरात. लहानपणी त्याच्या बोलण्यात दोष होता. काही उच्चार नीट यायचे नाहीत. असा मुलगा मोठेपणी काय होईल, असं तुम्हाला वाटतं? काय गंमत पाहा, तो रेडिओवर बोलायला लागला! मेहनत करून त्याने आपले उच्चार सुधारले आणि ऐन विशीत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रेडिओ केंद्राचा क्रीडाविभाग सांभाळू लागला.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ चे सामने झालेच नव्हते, त्यामुळे सगळ्या जगाचे डोळे लंडनकडे लागले होते. तरुण बडही तिथे गेला. उपग्रह नव्हते, मोबाईल नव्हते. त्याने वेंब्ली स्टेडियममधल्या सार्वजनिक टेलिफोनवरून आपली पहिली ऑलिंपिक बातमी अमेरिकेला कळवली. याच वेंब्लीवर १२ ऑगस्ट १९४८ रोजी आपल्या हॉकी संघाने ब्रिटनला ४-० असं हरवून स्वतंत्र भारताचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं, हे लक्षात आहे ना?

रेडिओने ग्रीनस्पॅनला एक मोठी गोष्ट शिकवली. रेडिओवर चित्र नसतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मैदान उभं करायचं ते फक्त शब्दांनी. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठली माहिती आधी द्यायची आणि कुठली राखून ठेवायची, हे सगळं तिथे कळतं. पुढे चित्रपट काढताना ही शिदोरी फार उपयोगी पडली.

भाला धरून उभे दोघे

ग्रीनस्पॅनचं चित्रपटात येणंही मजेशीरच आहे. रेडिओचं काम सांभाळून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये छोटी कामं करायचा. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. आपल्या नाटकात राजाच्या दरबारात भालदार-चोपदार उभे असतात ना? तसंच भाला हातात धरून मागे उभं राहायचं, बोलायचं काहीच नाही!

तिथे त्याच्यासारखाच मागे उभा राहणारा एक धिप्पाड तरुण होता. त्याचं नाव जॉन डेव्हिस. संगीताचं त्याला वेड होतं. पण हा साधासुधा माणूस नव्हता बरं का! १९३८ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तो वजन उचलण्यात जगज्जेता झाला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवलं होतं. आणि अमेरिकेत त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं! एक तर वजन उचलण्याचा खेळ तिथे लोकप्रिय नव्हता. शिवाय डेव्हिस कृष्णवर्णीय होता. त्या काळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळेत बसावं लागे, बसमध्ये मागे बसावं लागे.

“जगातला सर्वांत बलवान माणूस माझ्याशेजारी भाला धरून उभा आहे, आणि हे कुणालाच माहीत नाही!” ग्रीनस्पॅनच्या जागी तुम्ही असता, तर तुमच्याही मनात हेच आलं असतं. गोष्ट तर समोरच उभी होती.

१९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक भरले. ग्रीनस्पॅनने डेव्हिसवर चित्रपट काढायचं ठरवलं. चित्रपटाचं शिक्षण नाही, पाठीशी मोठी कंपनी नाही. तरीही तो गेला. डेव्हिसने पुन्हा सुवर्णपदक जिंकलं आणि ग्रीनस्पॅनचा ‘द स्ट्राँगेस्ट मॅन इन द वर्ल्ड’ हा छोटासा माहितीपट तयार झाला. तो विकत घेतला कुणी? थेट अमेरिकन सरकारच्या परराष्ट्र खात्याने! कृष्णवर्णीय नागरिकांना आपल्या देशात कशी वागणूक मिळते, यावरून अमेरिकेवर जगात टीका होत होती. म्हणून असा चित्रपट परदेशांत दाखवायला सरकारला हवाच होता. खर्चाच्या कितीतरी पट पैसे ग्रीनस्पॅनला मिळाले.

इथे थांबून एक गोष्ट पाहा. डेव्हिसची गोष्ट खरी होती. ती ज्यासाठी विकत घेतली गेली, तो हेतू मात्र वेगळा होता. माहितीपट पाहताना म्हणूनच दोन प्रश्न विचारायचे असतात. ‘यात काय दाखवलंय?’ हा पहिला आणि ‘हे कोण, कशासाठी दाखवतंय?’ हा दुसरा.

रिकाम्या स्टेडियममध्ये ओवेन्स

त्यानंतर काही वर्षे ग्रीनस्पॅन यांनी जाहिरात कंपनीत काम केलं, टीव्हीच्या जाहिराती तयार केल्या. खेळातल्या गाजलेल्या क्षणांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. मासिकांत लेख लिहिले. पण मन ऑलिंपिककडेच ओढ घेत होतं.

१९६४ साली ते जेसी ओवेन्सला घेऊन बर्लिनला गेले. ओवेन्सचं नाव तुम्ही वाचलंच असेल. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४ बाय १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. आणि तीही कुणाच्या डोळ्यांदेखत? गोऱ्या जर्मन वंशाचं श्रेष्ठत्व सांगणाऱ्या हिटलरच्या!

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी ओवेन्स त्याच स्टेडियममध्ये उभा राहिला आणि त्या दिवसांबद्दल बोलू लागला. ग्रीनस्पॅन यांनी त्याच्या बोलण्याला जुन्या चित्रफितींची जोड दिली. आता दिसतं ते शांत मैदान आणि लगेच तेच मैदान माणसांनी फुललेलं! ‘जेसी ओवेन्स रिटर्न्स टु बर्लिन’ या माहितीपटाने ग्रीनस्पॅन यांचं नाव झालं.

या माहितीपटामुळे एक कथा फार गाजली. लांब उडीच्या वेळी ओवेन्सच्या उड्या चुकत होत्या. तेव्हा त्याचा जर्मन प्रतिस्पर्धी लुट्झ लाँग याने, रेषेच्या थोडं मागूनच उडी घे, असा सल्ला दिला म्हणे. पुढच्या काळात अभ्यासकांनी या कथेबद्दल शंका घेतली. तसं काही घडलं नव्हतं, असं खुद्द ओवेन्सनेच नंतर कबूल केल्याचंही सांगतात. मग सगळंच खोटं का? नाही! अंतिम फेरीत ओवेन्सने ८.०६ मीटर उडी मारली, लाँगला रौप्यपदक मिळालं, आणि सर्वांसमक्ष लाँगनेच ओवेन्सचं अभिनंदन केलं. दोघांची एकत्र छायाचित्रे आहेत. लाँग पुढे महायुद्धात १९४३ साली सिसिलीत मरण पावला.

चांगली गोष्ट सांगायच्या ओढीत खरं आणि ऐकीव यांची सरमिसळ होऊ शकते. माहितीपट काढणाऱ्याला ही सर्वांत मोठी जोखीम असते. म्हणून तो पाहणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवायचे!

‘कॅपी’च्या नावाची कंपनी

ग्रीनस्पॅन यांच्या पत्नीचं नाव कॉन्स्टन्स ॲन पेट्राश. या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘कॅपी’ म्हणत. दोघांनी मिळून चित्रपट तयार करणारी कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘कॅपी प्रॉडक्शन्स’. घरचीच माणसं हाताशी होती. ग्रीनस्पॅन यांचे भाऊ डेव्हिड पेरी यांचा आवाज धीरगंभीर होता. त्यांच्या चित्रपटांतलं निवेदन अनेक वर्षे त्यांनीच केलं.

चित्रपट काढायला कंपनी कशाला लागते, असं तुम्ही विचाराल. अहो, चित्रपट म्हणजे नुसता कॅमेरा नव्हे! जुन्या चित्रफिती कुणाच्या मालकीच्या आहेत ते शोधायचं, त्या वापरायची परवानगी घ्यायची, पैसे उभे करायचे, कॅमेरामन आणि संकलक नेमायचे, परदेशी जायची व्यवस्था करायची. आणि एवढं करून तयार झालेला चित्रपट टीव्ही केंद्रांना विकायचा. तो विकला गेला नाही, तर पुढचा काढायला पैसे कुठून येणार? ग्रीनस्पॅन कलावंत होते तसेच उद्योजकही होते, ते यामुळे.

१९७६ च्या सुमारास या कंपनीने ‘द ऑलिंपियाड’ ही तासातासाच्या २२ भागांची मालिका तयार केली. ती ८० हून अधिक देशांत दाखवली गेली. पुढच्याच वर्षी ग्रीनस्पॅन यांनी धावपटू विल्मा रुडॉल्फच्या जीवनावर ‘विल्मा’ हा टीव्ही चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. हा माहितीपट नव्हता, यात नट-नट्या होत्या. विल्माला लहानपणी पोलिओ झाला होता, पायाला आधाराची पट्टी बांधावी लागे. तीच मुलगी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकून आली!

मग आला एक मोठा आघात. १९८३ साली कॅपी मेंदूच्या गाठीने वारली. आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला ऑलिंपिक होतं. त्याचा अधिकृत चित्रपट काढायचं काम ग्रीनस्पॅन यांच्याकडे आलं होतं. आयुष्यातली एवढी मोठी संधी, आणि जोडीदार बरोबर नाही! ग्रीनस्पॅन यांनी काम सोडलं नाही. कंपनीचं नावही बदललं नाही. पुढे नॅन्सी बेफा यांनी सहनिर्माती म्हणून त्यांच्याबरोबर अनेक वर्षे काम केलं, तेव्हाही नाव ‘कॅपी’च राहिलं.

चार किलोमीटरची फिल्म

लॉस एंजेलिसच्या चित्रपटाचं नाव ‘सिक्स्टीन डेज ऑफ ग्लोरी’. त्याची मोठी आवृत्ती साडेचार तासांहून लांब आहे!

आज मोबाईलवर तुम्ही हवं तेवढं चित्रण करता आणि नको असेल ते पुसून टाकता. तेव्हा तसं नव्हतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका सेकंदाला २४ चित्रे उमटत आणि त्यासाठी दीड फूट फिल्म लागे. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट. आता गणित करा. मामो वोल्डेची २ तास २० मिनिटांची मॅरेथॉन एकाच कॅमेऱ्याने सलग टिपायची तर १२,६०० फूट, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर लांबीची फिल्म लागेल! आणि ४०० फुटांचं एक रीळ साडेचार मिनिटांच्या आतच संपून जातं.

संथ गतीचं चित्रण तर आणखी खर्चिक. त्यासाठी कॅमेरा भरभर पळवावा लागतो. सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रे घेतली आणि पडद्यावर ती नेहमीच्या वेगाने दाखवली, की एका सेकंदाची धाव चार सेकंदांची होते. धावपटूच्या गालाचा स्नायू कसा थरथरतो, पाय जमिनीला लागताना चेहऱ्यावर काय उमटतं, ते सारं दिसतं. पण तेच ४०० फुटांचं रीळ आता मिनिटाभरातच संपतं!

म्हणून सगळं काही टिपता येत नाही. कुठला खेळाडू निवडायचा, कॅमेरा कुठे लावायचा, हे आधीच ठरवावं लागतं. आणि इथेच ग्रीनस्पॅन यांचं वेगळेपण दिसतं. ते मोजके खेळाडू निवडत आणि त्यांची पूर्ण कहाणी सांगत. स्पर्धा संपल्यावर खेळाडूची निवांत मुलाखत घेत. मग पडद्यावर शर्यत दिसते आणि त्याच वेळी खेळाडूच्या आवाजात कळतं, की त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललं होतं.

लॉस एंजेलिसच्या ५,००० मीटर शर्यतीचं उदाहरण घ्या. मोरोक्कोचा सईद औइता जिंकला. ग्रीनस्पॅन यांनी गोष्ट सांगितली ती ब्रिटनच्या डेव्ह मूरक्रॉफ्टची. १९८२ साली त्याने १३ मिनिटे ००.४१ सेकंद असा जागतिक विक्रम केला होता. लॉस एंजेलिसला तो विक्रमवीर म्हणूनच उतरला, पण दुखापतीने त्याला धड पळता येईना. एकेक जण पुढे जाऊ लागला. शेवटी तर त्याच्यापुढे एकच लढाई उरली. औइताने आपल्याला पूर्ण एक फेरी मागे टाकू नये, एवढीच! जगाचा विक्रमवीर शेवटच्या क्रमांकासाठी जिवाच्या आकांताने धावतोय. त्याला अडवणारं कुणी नव्हतं, तो कधीही बाजूला होऊ शकला असता. पण त्याने शर्यत पूर्ण केली. पाहताना आपण औइताला विसरून जातो आणि मनातल्या मनात म्हणतो, “पळ रे, अजून थोडं!”

याच ऑलिंपिकमध्ये आपली पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकली होती. चौथ्या क्रमांकालाही किती मोठी गोष्ट असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

“चांगलंच का दाखवता?”

यानंतर कॅल्गरी, लिलेहॅमर, अटलांटा, नागानो, सिडनी, सॉल्ट लेक सिटी, अथेन्स, तुरिन आणि व्हँकुव्हर अशा अनेक ऑलिंपिकचे चित्रपट ग्रीनस्पॅन यांनी केले. टक्कल पडलेल्या डोक्यावर सरकवलेला जाड चष्मा ही त्यांची ओळखच झाली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९८५ साली ‘ऑलिंपिक ऑर्डर’ देऊन त्यांचा गौरव केला. टीव्हीवरच्या कामासाठी एमी पुरस्कार मिळाले.

त्यांच्यावर टीकाही झाली. ऑलिंपिकमध्ये काय सगळं चांगलंच असतं? उत्तेजक औषधं घेणारे खेळाडू असतात, राजकारण असतं, पैशांचा बाजार असतो. ते तुमच्या चित्रपटांत का दिसत नाही, असं पत्रकार विचारत. ग्रीनस्पॅन यांचं म्हणणं असं असे, की वाईट आहे ते थोडं, पण बाकीचे लोक सगळा वेळ त्यावरच घालवतात. मी माझा वेळ उरलेल्या चांगल्यावर घालवतो.

तुम्हाला काय वाटतं? घरात आईबाबांशी यावर बोलून पाहा. वाईटाकडे बोट दाखवणारा पत्रकार हवाच. नाहीतर फसवणारे फसवतच राहतील. पण ज्याने फसवलं नाही, जो प्रामाणिकपणे धावला आणि हरला, त्याची नोंद कोण ठेवणार? दोन्ही कामं गरजेची आहेत. एकाच माणसाला दोन्ही जमतीलच असं नाही.

ग्रीनस्पॅन शेवटपर्यंत कामात होते. पार्किन्सन हा आजार त्यांना झाला होता. २०१० च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, वयाच्या ८४ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. तोपर्यंत अखवारीची गोष्टही खूप दूरवर गेली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची ज्योत टांझानियात आली, तेव्हा ती हाती घेऊन धावणाऱ्यांत अखवारी होता. चाळीस वर्षांपूर्वी शेवटी आलेला धावपटू!

त्याच हेलसिंकीत आपला माणूस

आता एक योगायोग पाहा. ग्रीनस्पॅन यांचा जन्म १९२६ चा. त्याच वर्षी १५ जानेवारीला सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी एका मुलाचा जन्म झाला. हा मुलगाही १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, पण खेळाडू म्हणून. लाल मातीत कुस्ती शिकलेला हा मल्ल तिथे गादीवर लढला आणि सहावा आला. पुढे १९५२ साली तोही हेलसिंकीला गेला. ओळखलंत ना? पैलवान खाशाबा जाधव!

हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून रक्कम दिली, असं सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढचं वैयक्तिक पदक भारताला मिळालं ते थेट १९९६ साली अटलांटात, टेनिसपटू लिएंडर पेसमुळे. मध्ये ४४ वर्षे गेली!

एकाच गावात, एकाच महिन्यात डेव्हिसने वजन उचललं आणि खाशाबांनी कुस्ती मारली. डेव्हिसच्या मागे एक हौशी तरुण कॅमेरा घेऊन हिंडत होता. खाशाबांच्या मागे असं कुणी नव्हतं. खाशाबा पुढे पोलिसात नोकरीला लागले, १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. त्यांच्या तोंडून त्या कुस्त्यांचं वर्णन ऐकायची संधी आपण गमावली. गोष्ट सांगणारा माणूस निघून गेला, की नंतर कितीही शोधलं तरी ती पूर्ण मिळत नाही.

तुम्हीही करून पाहा

तुमच्या गावात, वाडीत, चाळीत, सोसायटीत असं कुणीतरी नक्की असेल. आखाड्यात नाव गाजवलेले आजोबा, राज्य संघातून खो-खो किंवा कबड्डी खेळलेली एखादी काकू, तुमच्या शाळेचे खेळाचे सर. सुट्टीत त्यांच्यावर दहा मिनिटांचा माहितीपट करा. घरातला मोबाईल पुरेल.

आधी त्यांची परवानगी घ्या. जुने फोटो, कात्रणं, प्रशस्तिपत्रं असतील तर ती पाहा. त्यावरून तारखा तपासून घ्या, कारण आठवणीत वर्षं मागे-पुढे होतात. मुलाखत शांत खोलीत घ्या, पंखा बंद करा, नाहीतर नुसती घरघर ऐकू येईल! उजेड त्यांच्या तोंडावर पडू द्या, पाठीमागून नको. प्रश्न विचारला की गप्प बसा, मध्ये बोलू नका. माणूस थोडा वेळ थांबतो आणि मग खरं बोलतो.

“किती पदकं मिळाली?” हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याआधी विचारा, “हरलात तेव्हा घरी काय बोलले? दुसऱ्या दिवशी सरावाला गेलात का? कुणी मदत केली?”

आणि हो, शाळेतली शर्यत टिपणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. शेवटचा मुलगा पोहोचेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही!